आस्ट्रिड लिंडग्रेन: शेतावरचं बालपण आणि कोपनहेगनला ठेवलेलं मूल

रानजाई

गेल्या महिन्यात लेकीला कांजिण्या झाल्या. शाळा बंद, खेळ बंद, अंगाला खाज, त्यामुळे दिवसभर एकच धोशा, "आई, गोष्ट." माझा साठा दुसऱ्याच दिवशी संपला. मग कपाटातून पिप्पीचं जुनं इंग्रजी पुस्तक काढलं. एकटी राहणारी, घोडा उचलणारी, पोलिसांना छपरावर पळवणारी नऊ वर्षांची पोरगी. कांजिण्या गेल्या, पुस्तक संपलं, मी मात्र लेखिकेत अडकले. तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतेय, आणि डोक्यात जे घोळतंय ते इथे उतरवते. लांबण लागेल, आधीच सांगते.

आस्ट्रिडचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ चा. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात विमरबी गावाला लागून नेस नावाची शेती, तिथला. जमीन चर्चची, आणि वडील सामुएल आउगुस्ट ती खंडाने कसायचे. आई हान्ना. मोठा भाऊ गुन्नार, मग आस्ट्रिड, मग स्टिना आणि इंगेगेर्ड या बहिणी. आईवडिलांची गोष्ट तिने पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. तेरा वर्षांच्या सामुएल आउगुस्टने शाळेत नऊ वर्षांच्या हान्नाला पाहिलं आणि तिथेच त्याचा निकाल लागला. १९०५ मध्ये लग्न झालं. म्हातारा होईस्तोवर हा माणूस बायकोला रोज मिठी मारायचा. स्मोलांडच्या शेतकऱ्यांत हे काही रोजचं दृश्य नसणार.

आपल्या बालपणाबद्दल आस्ट्रिड दोन शब्द सांगायची: सुरक्षितता आणि मोकळीक. आईबाप हाकेच्या अंतरावर, पण पोरांच्या पाठीपाठी नाहीत. ते आपल्या कामात आणि एकमेकांत गुंतलेले. पोरं दिवसभर झाडावर, गंजीत, नदीवर. मात्र काम चुकलेलं नाही. कोंबड्यांसाठी खाजकुयलीसारखी आग लावणारी रानपाती तोडून आणायची, सलगमाच्या ओळीत वाकून जास्तीची रोपं उपटायची. कंटाळा आला तरी ओळ पुरी करायची. ही सवय तिला जन्मभर पुरली.

आता मला सगळ्यात आवडलेली जागा. नेसच्या गोठ्यावरच्या गड्याची बायको क्रिस्टिन. तिची मुलगी एडिट आस्ट्रिडपेक्षा मोठी, तिला वाचता यायचं. आस्ट्रिड चार-पाच वर्षांची असेल. क्रिस्टिनच्या स्वयंपाकघरात बसून एडिटने तिला राक्षस बाम-बाम आणि परी विरिबुंदाची गोष्ट वाचून दाखवली. झालं. आपला जीव तेव्हा जो हलला तो पुन्हा जागेवर आलाच नाही, अशा अर्थाचं ती म्हातारपणीही सांगत असे. गंमत बघा, मालकाच्या घरातलं नाही, गड्याच्या घरातलं पुस्तक. ते स्वयंपाकघर तिच्या पुस्तकांतून कधी बाहेर पडलं नाही. तिच्या गोष्टींत मायेची माणसं बहुतेकदा गडी, मोलकरणी नाहीतर भटके असतात. तिच्या गोष्टीतल्या खोडकर एमिलला बापाचा धाक आणि आल्फ्रेड नावाच्या गड्याचा लळा, तो उगीच नाही.

पुढे शाळेत नाताळच्या आधी मुलांना पुस्तक मागवायची मुभा होती. तिने हिमगौरी मागवली. स्वतःच्या मालकीचं पहिलं पुस्तक. ते उघडण्याआधी तिने त्याचा वास घेतला. नव्या पुस्तकाच्या वासाचं सुख तिने पुढे अनेकदा सांगितलंय.

तेरा वर्षांची असताना तिचा शाळेतला निबंध गावच्या पेपरात, विमरबी टिडनिंगमध्ये छापून आला. वर्गातल्यांनी लगेच नाव ठेवलं, "विमरबीची सेल्मा लागरलोफ." (सेल्माबाईंना १९०९ मध्ये नोबेल मिळालेलं, साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली बाई.) ही थट्टा तिला इतकी लागली की तिने ठरवून टाकलं, काय वाट्टेल ते होवो, पुस्तक लिहायचं नाही. हा हट्ट तिने वीसेक वर्षं सांभाळला.

इथपर्यंत सगळं गोड आहे, आणि बहुतेक बालवाचनाच्या लेखांत हे इथेच थांबतं. थेट पिप्पीवर उडी.

मधे काय झालं? शाळा संपल्यावर ती त्याच पेपरात उमेदवारीला लागली. संपादक राइनहोल्ड ब्लूमबेर्ग, वय पन्नाशीच्या घरात, सात पोरांचा बाप, लग्न मोडण्याच्या खटल्यात अडकलेला. अठराव्या वर्षी आस्ट्रिडला त्याच्यापासून दिवस गेले. तो लग्नाला तयार होता. हिने नकार दिला. मूल हवं, मुलाचा बाप नको, इतकं तिला स्वच्छ कळत होतं. गावात चर्चेला ऊत आला, तेव्हा ती स्टॉकहोमला गेली आणि टंकलेखन, लघुलेखन शिकायला लागली. ४ डिसेंबर १९२६ ला कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलमध्ये लार्सचा, म्हणजे लासेचा जन्म झाला. जन्मानंतर काही आठवड्यांतच त्याला तिथल्याच मारी स्टीव्हन्स नावाच्या बाईंकडे सांभाळायला ठेवून ती परतली. हातात पैसे आले की रात्रीची गाडी पकडून पोराला बघून यायचं. असं तीन वर्षं.

१९२९-३० च्या हिवाळ्यात स्टीव्हन्सबाई हृदयविकाराने आजारी पडल्या. तीन वर्षांचा, डॅनिश बोलणारा लासे स्टॉकहोमला आला तोच डांग्या खोकला घेऊन. ज्या बाईला तो आई म्हणत होता ती सुटली, आणि ही दुसरी. तो रडायचा, पण आवाज न करता. आपलं कोण ऐकणार, हे मोठे लोक त्यांना हवं तेच करणार, हे कळून चुकल्यासारखा. ते रडणं आपल्या आत मरेपर्यंत चालू राहील असं आस्ट्रिड म्हणायची. त्या मे महिन्यात तो नेसला आजीआजोबांकडे गेला, आणि १९३१ मध्ये तिने स्टुरे लिंडग्रेनशी लग्न केल्यावर कायमचा तिच्याकडे आला.

मला म्हणायचंय ते हे. नेसने तिला माणसं, बोली आणि खोड्या दिल्या. पण ती कोणासाठी लिहायला बसली, याचं उत्तर मला त्या न वाजणाऱ्या रडण्यात दिसतं. १९५४ ची मिओची गोष्ट घ्या, दत्तक घरात नकोसा झालेला मुलगा. १९५६ चा रास्मुस, अनाथाश्रमातून पळालेला. आश्रमात पोर निवडायला येणाऱ्यांना कुरळ्या केसांच्या मुली हव्यात आणि याचे केस सरळ! तिची पुस्तकं भरून अशी पोरं आहेत, आणि ती बरीचशी मुलगेच आहेत.

तुम्हाला काय वाटतं?

---

ओवी_बारा

वाचतेय. कांजिण्या कशा आहेत आता? डाग राहू देऊ नका.

---

बोरूबहाद्दर

रानजाई, लेख झकास, पण निष्कर्षाशी माझं भांडण आहे.

लेखकाच्या आयुष्यातली एक जखम शोधायची आणि मग सगळी पुस्तकं त्या खिळ्याला टांगायची, ही आपली जुनी खोड. आस्ट्रिडने आपल्या पुस्तकांचे उगम स्वतः सांगितलेत आणि ते बरेच साधे आहेत. मिओ कुठून आला? स्टॉकहोमच्या टेग्नेरलुंडेन बागेत बाकावर एकटा बसलेला एक मुलगा दिसला. तिचं 'ब्रदर्स लायनहार्ट' कुठून आलं? विमरबीच्या दफनभूमीत लोखंडी क्रूस आहे, त्यावर दोन लहानग्या भावांची नावं, दोघंही १८६० मध्ये गेलेले. तो बघून तिला कळलं की आपलं पुढचं पुस्तक दोन भावांचं आणि मरणाचं असणार. एमिल? नातू भोकाड पसरून बसला होता. त्याला गप्प करायला ती म्हणाली, "लोन्नेबेर्याच्या एमिलने एकदा काय केलं माहितीये?" पोरगं गप्प. ते नाव तिला त्या क्षणी सुचलं. आतल्या खोड्या पुष्कळशा बापाच्या आठवणीतल्या.

बाकावरचा मुलगा, क्रूस, रडका नातू. बघणाऱ्याची नजर आणि सांगणाऱ्याची जीभ असली की पुरतं. दुःख लागतंच असं नाही.

---

रानजाई

@बोरूबहाद्दर, बाकावर एकटा बसलेला मुलगा त्या दिवशी शेकडो लोकांनी पाहिला असेल. पुस्तक तिनेच का लिहिलं?

---

बोरूबहाद्दर

कारण ती लेखक होती आणि ते नव्हते. :)

---

गावठी_गुलाब

साहित्यातलं मला कळत नाही, शेतातलं कळतं. सलगमाची जास्तीची रोपं उपटायची याला विरळणी म्हणतात. बी दाट पडतं, सगळी रोपं ठेवली तर एकाचाही कंद धरत नाही. आम्ही भावंडं मुळा-गाजराची करायचो. हे काम लहान पोरांनाच देतात, कारण त्यांची कंबर जमिनीजवळ असते आणि मजुरी द्यावी लागत नाही. सहासात वर्षांच्या पोराला कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं हे दर वितीला ठरवावं लागतं. वर डोळ्यांत ऊन. ओळ संपली की मागे बघायचं आणि पुढच्या ओळीला वाकायचं. वेळ जाईना म्हणून आम्ही एकमेकांना गोष्टी रचून सांगायचो. पुढच्या ओळीतला जो असेल त्याला ऐकू जावं म्हणून ओरडून. त्या बाईंचंही तसंच झालं असणार, माझा आपला अंदाज.

---

चष्मेबद्दूर

गावठी_गुलाब, हा प्रतिसाद धाग्याइतकाच आवडला.

दोघांच्या भांडणात मी तिसरी बाजू मांडतो: वाचन. नेसच्या मुली बाहेर फक्त हुंदडत नव्हत्या, पुस्तकं जगत होत्या. ग्रीन गेबल्सची ॲन त्यांनी नुसती वाचली नाही, लाकूडगिरणीजवळच्या भुश्याच्या ढिगांवर खेळून काढली. लाल केस, तोंडाळ, अनाथ, मोठ्यांच्या घरात न मावणारी मुलगी. पिप्पीच्या लाल वेण्या बघितल्या की ओळख पटते. शिवाय रॉबिन्सन, हकलबरी फिन, टारझन.

आणि लासेच्याच काळातला एक प्रसंग. १९२७ चा स्टॉकहोम. ही एकटी, कंगाल. घरून हान्ना खाण्याची टोपली पाठवायची ती येईपर्यंत पोटाला चिमटा. अशात लायब्ररीतून नॉर्वेच्या क्नुट हामसुनचं 'भूक' आणलं आणि योहान्नेस चर्चजवळ फुललेल्या झाडाखाली बसून वाचलं. उपाशी माणसाचं पुस्तक उपाशी मुलीने वाचलं आणि ती हसत सुटली! हामसुनमधला तो वेडसर विनोद, पोट रिकामं असताना बढाया मारणारा नायक, तिला आयुष्यभर पुरला. पिप्पीच्या थापा ऐका. त्या थापांच्या मागे एक पोर एकट्या घरात झोपतंय, उशीवर पाय ठेवून आणि डोकं पांघरुणाखाली.

म्हणजे दुःख आहेच, बोरूबहाद्दर. पण ते हसण्याच्या आत ठेवायची युक्ती तिने वाचनातून उचलली असं मला वाटतं.

---

खडूस_आजोबा

सगळे कौतुकात बुडालेत म्हणून विचारतो. पोटचं पोर तीन वर्षं दुसऱ्या देशात ठेवून नंतर जगभरच्या मुलांवर मायेची पाखर घालायची. हे तुम्हाला खटकत नाही?

---

स्टॉकहोमकर

आजोबा, खटकायला हवंच, पण तो काळ थोडा समजून घ्या. मी इथे बारा वर्षं राहते, त्यामुळे हा विषय इथल्या लोकांशी बरेचदा बोलले आहे.

कोपनहेगनच का? कारण त्या वेळी स्वीडनमध्ये बाळंतीण झाली की नोंद व्हायची, बापाचं नाव निघायचं. रिग्सहॉस्पिटलमध्ये आईला नाव न सांगता बाळंत होता येत होतं, तिथून सरकारी नोंदीकडे काही जात नसे. ब्लूमबेर्गच्या घटस्फोटात हे मूल म्हणजे बायकोच्या हाती लागलेला पुरावा ठरला असता. ही वाट आस्ट्रिडला दाखवली एव्हा आंदेन नावाच्या वकील बाईंनी. आस्ट्रिडने त्यांच्याबद्दल मासिकात वाचलं होतं आणि थेट जाऊन भेटली. स्टीव्हन्सबाईंचं घरही त्यांच्याच ओळखीतलं. बाळंतपणाआधीचे शेवटचे दिवस ती त्याच घरी राहिली होती. मूल कुठेतरी अनोळखी दारात टाकून आली असं झालं नाही.

आणि एक. लासेला बघायला जाता यावं म्हणून न सांगता दांडी मारल्याने तिची एक नोकरी गेली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पगार तुटपुंजा, भाड्याची खोली. पोर कुठे ठेवणार होती?

अवांतर: मूळ लेखात 'विमरबी' लिहिलंय ते ठीक, पण इथली माणसं 'विम्मरब्यू'च्या जवळचं काहीतरी म्हणतात. तो शेवटचा स्वर मला अजून जमत नाही, माझा मुलगा हसतो.

---

खडूस_आजोबा

ताई, नोकरीचं माहीत नव्हतं. धन्यवाद. माझी आई मला सहा वर्षांचा असताना आत्याकडे शिकायला ठेवून गेली होती, म्हणून जरा तिरकं लिहिलं. आत्या चांगली होती. तरी.

---

रानजाई

आजोबा _/\_

---

मुंगूस

सगळं खरं, पण पिप्पी कुठे राहिली? धागा वाचून आलो पिप्पीसाठी, आणि इथे सगळे कोपनहेगनच्या गाडीत बसलेत.

---

चष्मेबद्दूर

घ्या पिप्पी.

१९४१ चा हिवाळा. मुलगी कारिन सात वर्षांची, आजारी, अंथरुणात. (रानजाईच्या लेकीसारखीच.) "गोष्ट सांग." "कसली?" "पिप्पी लाँगस्ट्रुम्पची." हे नाव कारिनने तिथल्या तिथे बनवलं. अर्थ 'लांब मोजा'. आस्ट्रिडने कोण ही, विचारलं नाही. नाव विचित्र म्हणून मुलगीही विचित्र केली. पुढची तीन वर्षं ती गोष्ट तोंडीच चालली, कारिनच्या मैत्रिणीही ऐकायला.

मार्च १९४४. बर्फावरून घसरून आस्ट्रिडचा पाय मुरगळला. अंथरुणात पडून करायचं काय? तिने गोष्ट लघुलिपीत उतरवून काढली. मे महिन्यात कारिनच्या दहाव्या वाढदिवसाला टंकलेली प्रत भेट दिली, आणि एक प्रत बोनिएर प्रकाशनाला पाठवली. सोबतच्या पत्राचा शेवट असा की, आपण बालकल्याण समितीला कळवणार नाही अशी आशा आहे! तिच्या घरात दोन मुलं आहेत आणि आई असलं लिहिते, म्हणून. बोनिएरने साभार परत केलं. त्याच वर्षी राबेन आणि शोग्रेन या दुसऱ्या प्रकाशनाच्या स्पर्धेत तिच्या दुसऱ्याच एका मुलींच्या कादंबरीला दुसरं बक्षीस मिळालं. १९४५ ला सुधारलेल्या पिप्पीला पहिलं. बोनिएरकडे गेलेला तो मूळ, जास्त वांड खर्डा २००७ मध्ये तिच्या जन्मशताब्दीला छापला गेला.

आता माझा मुद्दा. तारीख बघा, १९४१. युरोपात काय चाललं होतं? आस्ट्रिड १ सप्टेंबर १९३९ पासून युद्धाची रोजनिशी लिहीत होती, पेपरातली कात्रणं चिकटवत. आणि १९४० पासून ती टपाल तपासणीच्या गुप्त खात्यात कामाला होती. परदेशी जाणारी-येणारी पत्रं वाफेवर उघडायची, वाचायची, पुन्हा बंद करायची. ती त्याला घाणेरडं काम म्हणायची. दिवसभर परक्यांची रडणी वाचायची, आणि संध्याकाळी घरी येऊन जगातल्या सगळ्यात ताकदवान मुलीची गोष्ट सांगायची. ती मुलगी सर्कशीतल्या पैलवानाला लोळवते, पण कुणावर जुलूम करत नाही. बोनिएरच्या त्या पत्रातही तिने बर्ट्रांड रसेलचा हवाला दिलाय, की मुलांना मोठं होण्याची, सत्तेची ओढ असते. तर जिच्या हाती सत्ता आहे पण जी ती वाईट वापरत नाही असं पोर तिने उभं केलं. लासे एका बाजूला, पण १९४१ दुसऱ्या बाजूला ठेवा.

---

बोरूबहाद्दर

+१. हे पटलं. कोणी रसेल वाचला म्हणून थोर होत नाही, पण तो बालपुस्तकाच्या पत्रात घालायला धाडस लागतं.

---

मुंगूस

वाफेवर पत्रं उघडणारी पिप्पीची आई! हे आधी का नाही सांगितलं कोणी. पुस्तक आलं तेव्हा मोठ्यांनी आरडाओरडा केला नाही का?

---

स्टॉकहोमकर

केला की. १९४६ मध्ये योन लांडक्विस्ट नावाच्या प्राध्यापकांनी पेपरात पिप्पीवर आसूड ओढला. पुस्तक बेचव आहे, साधं पोर अख्खा केक एकटं खात नाही, मनाला ओरखडे काढणारं काहीतरी आहे, वगैरे. केकवर इतका राग कोणाचा पाहिला नाही. आज तीच बाई आणि तीच पिप्पी इथल्या वीस क्रोनरच्या नोटेवर आहेत.

तिचं डालागाटन ४६ मधलं घर वासापार्क बागेसमोर आहे, १९४१ पासून मरेपर्यंत (२००२) ती तिथेच राहिली. ठरवून वेळ घेतली तर बघता येतं. मी गेले होते. अगदी मध्यमवर्गीय घर. जगभर कोट्यवधी पुस्तकं खपल्यावर माणूस निदान मोठ्या घरात जातो! सकाळी अंथरुणातच लघुलिपीत लिहायचं आणि दुपारी प्रकाशनाच्या ऑफिसात जाऊन दुसऱ्यांची पुस्तकं संपादित करायची, असं तिने १९७० पर्यंत केलं. लघुलिपीच्या शेकडो वह्या इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिची लिपी तिची स्वतःची वळणं घेतलेली, त्यामुळे वाचणाऱ्यांची दमछाक होते. ती लिपी ती कशासाठी शिकली आठवतंय ना? पोटात लासे असताना, पोटासाठी.

---

रानजाई

स्टॉकहोमकर, हे शेवटचं वाक्य माझ्या लक्षातच आलं नव्हतं! ब्लूमबेर्ग प्रकरण झालं नसतं तर ती विमरबीत पत्रकार झाली असती, स्टॉकहोमला सेक्रेटरी व्हायला गेलीच नसती, लघुलिपी शिकली नसती. अंथरुणात पाय वर करून पिप्पी लिहिली ती त्याच लिपीत.

बोरूबहाद्दर, तुमचं थोडं मान्य करते. 'सगळं लासेमुळे' असं म्हणणं आळशीपणा होईल. बुलर्बी नावाच्या खेड्यातल्या पोरांची तिची पुस्तकं घ्या. ती निखळ सेव्हेड्सटॉर्पची आहेत, वडील जिथे वाढले ती तीन घरं एका ओळीत. तिथे कोणी पोरकं नाही, कोणी रडत नाही, घुबडाच्या घरट्यात कोंबडीचं अंडं ठेवून पिल्लू काढतात. हा उद्योग नेसला गुन्नारने खरोखर केला होता म्हणे, एल्मच्या पोकळ झाडात. बिचारं घुबड.

पण बघा, तिने ही सुखाची पुस्तकं आणि ती पोरक्यांची पुस्तकं आलटून पालटून लिहिली. एकाच माणसाची दोन बालपणं असावीत तशी. एक तिचं आणि एक मुलाचं.

---

बोरूबहाद्दर

"एक तिचं आणि एक मुलाचं" हे मी मान्य करतो. भांडण मिटलं. चहा सांगा.

---

टक्केवारी

कोणीच तो कराचा किस्सा कसा नाही सांगितला? १९७६ मध्ये तिचा सीमांत कर, म्हणजे वरच्या कमाईवरचा कर, १०२ टक्के निघाला. म्हणजे वरचे शंभर कमवा आणि त्यावर एकशे दोन भरा. तिने चिडून पेपरात परीकथा लिहिली, पोम्पेरिपोसा नावाच्या लेखिकेची. अर्थमंत्री म्हणाले, बाईंना गोष्टी येतात, हिशेब येत नाही. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला, आणि त्याच वर्षी चाळीसहून जास्त वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. स्वतः आयुष्यभर त्याच पक्षाची मतदार!

---

ओवी_बारा

टक्केवारी, तुमच्या आयडीला शोभेसा प्रतिसाद. पण धाग्याचा विषय जडणघडण आहे हो.

मला १९७८ चं आठवतं. जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार. भाषण आधी वाचून आयोजक बिचकले, नुसता पुरस्कार घ्या, भाषण नको म्हणाले. ती म्हणाली, मग मीही येत नाही. शेवटी बोललीच. मुलांना मारू नका, एवढाच विषय. त्यात एका आईची गोष्ट आहे. पोराला मारायचं म्हणून ती त्याला छडी आणायला पाठवते. पोर रडत परत येतं, छडी सापडली नाही, पण हा दगड तू मला मारू शकतेस. आईच्या लक्षात येतं की पोराला वाटलंय, आईला मला दुखवायचंच आहे, मग दगडानेही चालेल. तो दगड ती स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवते. पुढच्या वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, जगात पहिलीच.

माझ्या आईकडे लाटणं होतं. उचलायची, मारायची नाही. लहानपणी फरक कळत नसे.

---

गावठी_गुलाब

आमच्याकडे शेवग्याची फोक. तीही आम्हालाच आणायला लावायचे. दगडाची कल्पना सुचली नाही.

---

स्टॉकहोमकर

धागा वाचून परवा लायब्ररीतून रास्मुस आणला. मुलगा आठ वर्षांचा, स्वीडिश त्याचं माझ्यापेक्षा बरं, त्यामुळे तो वाचतो आणि मी मराठीत हुंकार भरते. पहिल्याच प्रकरणांत आश्रमात श्रीमंत नवराबायको मूल निवडायला येतात ना, तिथे तो थांबला. पुस्तक छातीवर उपडं ठेवून छताकडे बघत बसला. मला वाटलं झोप आली.

मग म्हणाला, "आई, माझे केस सरळ आहेत."

मी म्हटलं, हो.

"मग पुढे वाच. आता तूच वाच. मी ऐकतो."

रात्री साडेअकरापर्यंत वाचत होते, चुकीच्या उच्चारांसकट. एकदाही हसला नाही. शेवट इथे सांगू नका कोणी, आम्ही अजून पोहोचलो नाही.